छतावरची जादा वीज आपोआप गीझर-हीटरकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सौर पॅनेल बसवली की थोड्याच दिवसांत लक्षात येतं: वीज सगळ्यात जास्त तयार होते ऐन दुपारी, आणि घरात माणसं नसल्यामुळे नेमकी तेव्हाच ती लागत नाही. ही उरलेली वीज उष्णतेत मुरवावी, तीही रोज स्वतः बटण न दाबता, या विचाराने येणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र आहेत.

जादा वीज म्हणजे नेमकी कुठली? ती मोजायची कुठे?

या क्षणी पॅनेल जेवढी वीज देतायत, त्यातून या क्षणी घर जेवढी वापरतंय ती वजा करा. उरेल ती जादा. ती मीटरमधून बाहेर पडून ग्रिडकडे जाते. इन्व्हर्टरच्या पडद्यावर 3 किलोवॅट दिसले म्हणून 3 किलोवॅट मोकळे आहेत असं समजू नका. फ्रीज, पंखे, पाण्याची मोटार यांनी आपला वाटा आधीच उचललेला असतो. म्हणून मोजमाप करायचं ते ग्रिडची वायर घरात शिरते तिथे, मुख्य मीटरच्या लगेच पुढे.

तिथे वायरभोवती सीटी बसवतात, म्हणजे चिमट्यासारखी उघडून मिटणारी कडी. पण एकटी सीटी प्रवाह किती आहे एवढंच सांगते. वीज आत येतेय की बाहेर जातेय, हे कळायला व्होल्टेजची जोडणीही लागते. त्यामुळे आयात आणि निर्यात वेगळी ओळखणारा दुतर्फा मीटरच घ्या. नुसते अँपिअर दाखवणारं साधन इथे कुचकामी आहे: रात्री तुम्ही ग्रिडकडून दोन किलोवॅट ओढत असलात तरी ते त्याला जादा वीज समजून गीझर चालू करेल. मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरूनही दिशा कळत नाही.

माझ्याकडे नेट मीटरिंग आहे. मला याची गरज आहे का?

ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटच्या बदल्यात बिलातून पूर्ण एक युनिट वजा होत असेल, तर नाही. ग्रिड तुमची वीज फुकटात सांभाळून ठेवतंय. ती दुपारीच जाळून टाकण्यात कसलाही फायदा नाही. गीझर हवा तेव्हा चालवा आणि हे पान बंद करा.

चित्र बदलतं ते दिलेल्या युनिटला घेतलेल्या युनिटपेक्षा बराच कमी भाव मिळत असेल तर, काहीच मिळत नसेल तर, किंवा हिशेबाच्या मुदतीअखेर शिल्लक युनिट पाण्याच्या भावाने जात असतील तर. तेव्हाही तुलना योग्य गोष्टीशी करा. वाचणारे पैसे म्हणजे विजेचा पूर्ण दर नव्हे. ते म्हणजे एरवी पाणी ज्या इंधनावर तापलं असतं त्याचा खर्च, वजा तेच युनिट ग्रिडला देऊन मिळाले असते ते पैसे. पाणी एरवी गॅसवर तापत असेल तर हा फरक फार छोटा निघू शकतो. त्याला वर्षभरात खरोखर वळवता येतील अशा युनिटांनी गुणा आणि मगच यंत्राची किंमत विचारा. बऱ्याच घरांत नाकापेक्षा मोती जड होतो.

पाणी तापवावं की खोली?

पाणी. यात फारसा वाद नाही. गरम पाणी बाराही महिने लागतं आणि टाकीत ते तासन्‌तास गरम राहतं. खोली तापवायची गरज पडते ती नेमकी सूर्य खाली असतो, दिवस लहान असतो आणि पॅनेल कमी देतात त्या महिन्यांत. विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितका हा विरोधाभास तीव्र. उच्च अक्षांशांवर ऐन हिवाळ्यातल्या महिन्याची निर्मिती उन्हाळ्यातल्या महिन्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. तेव्हा उरायला काही नसतंच. जे असतं ते घर दुपारीच खाऊन टाकतं.

खोलीसाठी जादा वीज वापरायचीच असेल तर उष्णता साठेल अशा ठिकाणी घाला. जमिनीत तारा किंवा नळ्या असतील तर काँक्रीटचा थर बऱ्यापैकी साठवण करतो. एक घनमीटर काँक्रीट एक अंशाने तापवायला साधारण 0.6 युनिट लागतं. म्हणजे 20 चौरस मीटर खोलीतला 5 सेंटिमीटरचा थर तीन अंशांनी तापला तर पावणेदोन युनिट त्यात बसले, आणि ते संध्याकाळभर हळूहळू बाहेर येतात. पंख्याच्या हीटरने दुपारी रिकामी खोली तापवणं मात्र निव्वळ उधळपट्टी.

टाकीत किती वीज मावते?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला 1.163 वॅट-तास लागतात. बाकी सगळा गुणाकार. 150 लिटर पाणी 25 अंशांवरून 65 वर न्यायचं तर 150 × 40 × 1.163, म्हणजे जवळजवळ 7 युनिट. 2 किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी साडेतीन तास हवेत. एका मध्यम घरगुती बॅटरीइतकी ही साठवण आहे, आणि टाकी बहुतेकांकडे आधीच असते.

पुढची शंका ठरलेली: दुपारी तापवलेलं पाणी सकाळपर्यंत टिकेल का? चांगलं आवरण असलेली 150 लिटरची टाकी दिवसाला एक ते दीड युनिट गमावते. 1.2 युनिट धरलं तर अठरा तासांत 0.9 युनिट गेलं, म्हणजे तापमान पाचेक अंशांनी उतरलं. 65 चं 60 झालं. अंघोळीला काही फरक पडत नाही. हे गणित स्टोरेज गीझरचं आहे. इन्स्टंट गीझरमध्ये साठवायला जागाच नसते, त्यामुळे तो या कामाचा नाही. आणि 15 लिटरची छोटी टाकी पाऊण युनिटातच भरते.

सगळ्यात सोपा मार्ग कोणता?

साधा टायमर आणि लहान कॉइल. ऊन जोरात असतं ते चार-पाच तास गीझर चालू ठेवायचा, एवढंच. 3 किलोवॅटची कॉइल काढून 1 किलोवॅटची बसवली की ती जादा विजेत मावण्याची शक्यता कितीतरी वाढते. तिला वेळ जास्त लागतो, पण दुपारी कुणाला घाई आहे? ढगाळ दिवशी थोडी वीज ग्रिडकडून येईल, ती येऊ द्या. माझ्या मते निम्म्याहून अधिक घरांनी इथेच थांबावं.

दोन कॉइलची टाकी असेल तर आणखी एक युक्ती आहे. सारख्याच क्षमतेच्या दोन कॉइल एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या की प्रत्येकीला निम्मं व्होल्टेज मिळतं आणि दोघींची मिळून शक्ती एका कॉइलच्या निम्मी होते. 3 किलोवॅटच्या दोन असतील तर एकूण दीड. गीझरला डायोड लावून शक्ती निम्मी करण्याचा सल्लाही कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. त्याने घराच्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेच्या लाइनमध्ये डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा अंश शिरतो, आणि आरसीसीबीसारखं, म्हणजे गळती होताच वीज तोडणारं संरक्षण त्यामुळे आंधळं होऊ शकतं.

मीटर पाहून आपोआप चालू-बंद करायचं असेल तर?

मग दुतर्फा मीटर, एक रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, आणि त्यांना जोडणारा नियम लागतो. होम असिस्टंट या घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा तत्सम प्रणालीत हे तासाभरात उभं राहतं. चुका होतात त्या नियमात. ‘निर्यात 2,000 वॅटच्या वर गेली की 2,000 वॅटचा गीझर चालू, खाली आली की बंद’ असं लिहिलंत तर गीझर चालू होताच निर्यात शून्यावर येईल, नियम गीझर बंद करेल, निर्यात परत वर जाईल, आणि रिले दिवसभर टकटक करत बसेल. यांत्रिक रिलेचं आयुष्य पूर्ण भारावर साधारण लाखभर वेळा उघड-मीट करण्याइतकं असतं. अशा चाळ्यांत ते भराभर संपतं.

चालू करायची आणि बंद करायची मर्यादा वेगवेगळी ठेवा. निर्यात 2,200 वॅटच्या वर सलग पाच मिनिटं राहिली तर चालू; चालू असताना आयात 300 वॅटच्या वर सलग दोन-तीन मिनिटं राहिली तर बंद. एकदा चालू झाला की निदान दहा मिनिटं हात लावायचा नाही. चालू करण्याचा निर्णय निर्यातीवर आणि बंद करण्याचा आयातीवर घेतला की घोळ उरत नाही.

डायव्हर्टर म्हणतात तो याहून वेगळा कसा?

रिलेला दोनच गोष्टी येतात: पूर्ण किंवा शून्य. डायव्हर्टर गीझरला हवी तेवढीच शक्ती देतो. समजा पॅनेल 2,800 वॅट देतायत, घर 500 खातंय, तर 2,300 गीझरला. ढग आला, निर्मिती 900 वर घसरली, की दोन-चार सेकंदांत गीझरला 400. कुणी मिक्सर लावला, चारशेही गेले. मिक्सर थांबला, परत आले. मीटरवरचा आकडा या सगळ्यात शून्याच्या आसपास डुलत राहतो. अर्धवट ढगाळ हवामानात, जिथे रिलेवाली पद्धत दिवसभर संधीची वाट पाहत बसते, तिथे डायव्हर्टरचा खरा उपयोग.

शक्ती कमी-जास्त करण्याचे त्यात दोन प्रकार असतात. पहिल्यात विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा भाग कापतात. बरोबर मध्यावर, 90 अंशांवर चालू केलं तर निम्मी शक्ती. 45 अंशांवर केलं तर सुमारे 91 टक्के आणि 135 वर जेमतेम 9. नियंत्रण बारीक मिळतं, पण कापलेल्या लहरीमुळे लाइनमध्ये हार्मोनिक्स, म्हणजे जास्त वारंवारतेच्या नको असलेल्या लहरी शिरतात, म्हणून चांगल्या यंत्रात फिल्टर असतो. स्वस्तातल्या उघड्या सर्किट बोर्डांत तो बहुधा नसतो, आणि मग रेडिओ खरखरतो.

दुसऱ्या प्रकारात लहर कापत नाहीत. काही लहरी पूर्ण सोडायच्या, काही पूर्ण अडवायच्या. 50 हर्ट्‌झला सेकंदाला 50 लहरी. त्यातल्या 20 सोडल्या की 40 टक्के शक्ती. लाइन स्वच्छ राहते, पण घरातले दिवे किंचित लुकलुकू शकतात. शिवाय इथे मीटरचा स्वभाव आड येतो. 3 किलोवॅटची कॉइल आणि जादा वीज 1.2 किलोवॅट असेल, तर कॉइल चालू असलेल्या क्षणी तुम्ही 1.8 किलोवॅट आयात करता आणि बंद असताना 1.2 निर्यात. मीटर एका वॅट-तासापर्यंतची उलाढाल आपसात वजा करत असेल, तर दोन सेकंदांच्या आत चालू-बंद उरकल्यास बिलात काहीच येत नाही. मीटर आयात-निर्यात क्षणाक्षणाला वेगळी नोंदवत असेल तर मात्र दोन्ही खाती वाढत जातात. अशा ठिकाणी पहिला प्रकार घ्यावा.

डायव्हर्टरवर काय काय जोडता येतं?

नुसती कॉइल असलेली वस्तू: साधा स्टोरेज गीझर, टाकीतली कॉइल, यांत्रिक थर्मोस्टॅटचा तेलाचा रेडिएटर, जमिनीतल्या तापवणाऱ्या तारा. पंखा, मोटार, कॉम्प्रेसर, डिजिटल पडदा किंवा कुठलंही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली वस्तू जोडायची नाही. कापलेल्या विजेवर मोटार तापते आणि सर्किट जळतं. पडद्यावर तापमान दाखवणारे गीझरही यातच आले. त्यांना रिले लावा.

उष्णता पंपाला जादा वीज देता येईल का?

देता येईल, आणि जमत असेल तर तोच जास्त शहाणपणाचा सौदा. कॉइल एका युनिटाची एक युनिट उष्णता देते, पाणी तापवणारा उष्णता पंप तीनच्या आसपास. काही छोटे पंप 500 ते 700 वॅटच ओढतात, त्यामुळे ते थोड्या उन्हातही जादा विजेत बसतात आणि डायव्हर्टरची गरजच संपते. मात्र कॉम्प्रेसरचा वीजपुरवठा बाहेरून तोडायचा नाही. बऱ्याच पंपांवर ‘एसजी रेडी’ लिहिलेलं असतं. त्यांत दोन साधे संपर्क देऊन चार स्थिती सांगता येतात, त्यातली एक म्हणजे ‘वीज भरपूर आहे, जास्त तापवून ठेव’. कमीत कमी किती वेळ चालायचं हे पंप स्वतः सांभाळतो.

बॅटरीही आहे. आधी बॅटरी भरू की टाकी?

पाणी एरवी कशावर तापतं त्यावर आहे. गॅसवर तापत असेल तर बॅटरी आधी, कारण ती वाचवते ती महाग वीज आणि टाकी वाचवते तो गॅस. पाणी एरवीही ग्रिडच्या विजेवरच तापत असेल तर माझं मत उलटं आहे: टाकी आधी. टाकीत गेलेलं एक युनिट उद्या सकाळी जवळपास एक पूर्ण युनिट वाचवतं. तेच बॅटरीतून फिरवलं तर येता-जाता दहा-पंधरा टक्के गळती, आणि बॅटरीची झीज वेगळी. भरपूर उन्हाच्या दिवशी दोन्ही भरतात, वाद उरत नाही.

भांडण होतं ते वेगळ्याच कारणाने. बॅटरीचा इन्व्हर्टर आणि डायव्हर्टर दोघंही मीटर शून्यावर ठेवायला धडपडतात. डायव्हर्टर जरा जास्त ओढतो, बॅटरीला वाटतं घराला वीज हवीय, ती देऊ लागते, आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी गीझरमध्ये रिकामी. म्हणून ज्याचा नंबर दुसरा, त्याने शंभरेक वॅट निर्यात कायम शिल्लक ठेवावी. डायव्हर्टरमध्ये ही सेटिंग असते. बॅटरीतून वीज बाहेर पडतेय असं दिसताच गीझर बंद, हा नियमही घालून ठेवा.

माझ्या इन्व्हर्टरला निर्यातबंदी आहे. मीटरवर जादा वीज कधी दिसतच नाही.

दिसणारच नाही. मागणी कमी झाली की इन्व्हर्टर पॅनेलकडून घेणंच कमी करतो. जादा वीज तयार व्हायच्या आधीच सोडून दिली जाते. नियमाने थोडी निर्यात चालत असेल तर मर्यादा शून्याऐवजी शे-दोनशे वॅटवर ठेवा; डायव्हर्टरला तेवढा धागा पुरतो, तो ओढत जातो आणि इन्व्हर्टर मागोमाग वर येतो. तेही चालत नसेल तर चाचपडत जायचं: भर उन्हात गीझरचा भार थोडा वाढवून पाहा, आयात झाली नाही तर आणखी वाढवा, झाली की एक पायरी मागे या. बॅटरी असेल तर ‘बॅटरी 95 टक्क्यांच्या वर आणि ऊन आहे’ ही खूणही चांगली काम करते.

घरात तीन फेज आहेत. सीटी किती?

तीन, पण आधी मीटरची पद्धत विचारून घ्या. काही मीटर तिन्ही फेजची बेरीज करून आयात-निर्यात ठरवतात. तिथे पॅनेल एका फेजवर आणि गीझर दुसऱ्यावर असला तरी हिशेब जमतो. काही मीटर प्रत्येक फेज वेगळा मोजतात. तिथे गीझर पॅनेलच्याच फेजवर हवा.

मधली यंत्रं गाळून पॅनेलच थेट कॉइलला जोडली तर?

वायर जोडली की कॉइल तापेल, हे खरं. धोका थर्मोस्टॅटपाशी आहे. एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे संपर्क उघडताच ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. उघडलेल्या संपर्कात ठिणगी धगधगत राहते, संपर्क वितळून चिकटतात आणि पाणी उकळत राहतं. गीझरचा थर्मोस्टॅट आणि त्याचा कट-आउट दोन्ही एसीसाठी बनवलेले असतात. डीसीसाठीच घडवलेलं नियंत्रक आणि स्विच घेतल्याशिवाय हा प्रयोग करू नका. शिवाय ऊन कमी-जास्त होईल तसा पॅनेल आणि कॉइलचा मेळ बिघडतो आणि मिळू शकणारी बरीचशी शक्ती वाया जाते.

वाय-फाय गेलं तर काय होईल?

ते तुम्ही आधी ठरवायचं. इन्व्हर्टर कंपनीच्या सर्व्हरवरून येणारे आकडे कित्येकदा पाच मिनिटं जुने असतात, त्यावर बारीक नियंत्रण होत नाही. मीटर घरातल्या घरात, मॉडबसने, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी थेट बोलायच्या पद्धतीने वाचा. आणि आकडा मिनिटभर आलाच नाही तर गीझर बंद, हा नियम रिलेमध्येच हवा, सर्व्हरवर नको. संध्याकाळी टाकी 50 अंशांच्या खाली असेल तर ग्रिडवर तापवून घे, हा दुसरा नियम. घरच्यांना थंड पाणी मिळालं की दुसऱ्या दिवशी ही सगळी यंत्रणा अडगळीत जाते.

सुरक्षेसाठी काय तपासू?

गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट आणि कट-आउट कधीही वगळू नका. डायव्हर्टर त्यांच्या आधी येतो, त्यांच्या जागी नाही. सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलते संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले, बिघडला की बहुतेक वेळा चालू स्थितीतच अडकतो. मग वाचवतो तो हाच कट-आउट. 13 अँपिअरवर असा रिले पंधरा-वीस वॅट उष्णता सोडतो, त्याला हीटसिंक आणि मोकळी हवा द्या. 3 किलोवॅट तासन्‌तास चालवायला स्मार्ट प्लग वापरू नका, त्यावर 16 अँपिअर छापलेलं असलं तरी, कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या भारासाठी बनवलेला दणकट रिले, बसवा. स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंग आणि हाताने बंद करता येईल असा स्विच हवाच. जोडणी परवानाधारक वायरमनकडून.

पाणी किती तापवायचं, हाही सुरक्षेचाच भाग. न्यूमोनियासारखा आजार करणारा लीजिओनेला जीवाणू 20 ते 45 अंशांदरम्यान वाढतो, 60 अंशांवर मरतो. ऊन नसलेल्या आठवड्यात जादा विजेवर टाकी कोमटच राहिली तर नेमकी त्याला हवी ती हवा मिळते. टाकी नियमितपणे 60 पर्यंत जाईल असं बघा, लागलं तर ग्रिडवर. उलट बाजूला, 60 अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, म्हणून नळाआधी गरम-गार मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवा. पाणी जड असेल तर कायम 65-70 वर ठेवू नका, कॉइलवर क्षार चढतात.

बसवून झालं. बरोबर चालतंय हे कसं ओळखू?

पहिली परीक्षा रात्री. पॅनेल शांत असताना एखादा मोठा भार चालू करा. मीटरने आयात दाखवली पाहिजे. निर्यात दाखवली तर सीटी उलटी बसलीय, तिच्यावरचा बाण फिरवा. त्याच वेळी डायव्हर्टर पूर्ण बंद आहे ना ते पाहा. दुसरी भर दुपारी: गीझर तापत असताना दुसरा हीटर लावा, काही सेकंदांत गीझरची शक्ती तेवढ्याने उतरली पाहिजे. तिसरी, टाकी पूर्ण तापू द्या. थर्मोस्टॅटने वीज तोडली की निर्यात परत सुरू होते आणि डायव्हर्टर शंभर टक्के देतोय असं पडद्यावर दिसतं, पण गीझर काही घेत नसतो. पडद्यावरचे ‘वळवलेले युनिट’ खरे आहेत का, की यंत्र नुसताच अंदाज बांधतंय, ते तेव्हाच कळतं. आकडा त्या वेळीही वाढत असेल तर गीझरच्या वायरवर वेगळा मीटर लावा.